बुंध्याभोवतीचे अतिक्रमण

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यामुळे कुठेही चार ओळी लिहायच्या असल्या की लोक माझ्याकडे येतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. सोसायटीच्या पाण्याची तक्रार, कुणाच्या सेवानिवृत्तीचं मानपत्र, गणपतीच्या वर्गणीचं पत्रक, सगळं माझ्याकडूनच लिहून घेतात. नवरा म्हणायचा, "हिच्या हातात पेन दिलं की ही वाण्याची यादीसुद्धा अलंकारिक करेल." मी म्हणायचे, तुम्ही गप्प बसा. या उन्हाळ्यापासून तो हे म्हणायचा थांबलाय, आणि ते मला जास्त लागतं.

आमच्या भागात नागरिकांचा एक गट आहे. गट म्हणजे काय, सकाळी फिरायला जाणारे आम्ही काही निवृत्त लोक आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पूर्वी नाशिकमध्ये पंख्याशिवाय मे महिना कसा निघायचा, हे एकमेकांना सांगण्यात आमची बरीच वर्षं गेली. मग एक दिवस आमच्यातले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर वैतागले. म्हणाले, "नुसतं हाश्शहुश्श करून काय होणार आहे? पालिकेने शहराच्या हवामानासाठी आराखडा केलाय ना? रस्त्यांवर सावली वाढवू, झाडं जपू, असं त्यात लिहिलंय ना? मग जाऊन विचारू या, कुठाय आमची सावली?"

आम्हाला पटलं. सगळा आराखडा घेऊन भांडायला गेलो तर आपण आणि तो दोघेही फाइलीत जाऊ, म्हणून एकच मागणी धरायची आणि धसाला लावायची असं ठरलं. ती मागणी कोणती, हे मात्र मला मावशींमुळे सुचलं.

मावशी म्हणजे आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणारी बाई. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण सगळी कॉलनी मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. ती मला 'बाई' म्हणते, तिच्या मुलीला मी शिकवलंय म्हणून. गिरणारे गावाहून सकाळी टेम्पोने यायची आणि कोपऱ्यावरच्या करंजाखाली पोतं अंथरून बसायची. मेथी, शेपू, कोथिंबीर, चाकवत, कधी अंबाडी. बाकी काही ठेवत नाही. पालेभाजीला ऊन लागलं की संपलंच, पण त्या करंजाची सावली अशी घट्ट की दुपारी एकलासुद्धा तिची कोथिंबीर ताठ असायची. उन्हाचं घराबाहेर पडलं की त्या कोपऱ्यावर पोचल्यावर जीव भांड्यात पडायचा. तिथे उभ्या उभ्या निम्म्या कॉलनीची सुखदुःखं सांगून व्हायची.

भाजीवर शिंपडून उरलेलं पाणी मावशी दुपारी उठताना करंजाच्या बुंध्याशी ओतायची. "प्या बाबा," म्हणायची. पण रस्ता काँक्रीटचा करताना ठेकेदाराने काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलेलं. बोटभर माती ठेवलेली नव्हती. पाणी बुंध्याला लागायचं आणि वळून गटारात जायचं. एकदा ते मी बघितलं आणि मला राग आला. अरे, झाडाने प्यायचं कुठून? आमच्याच रस्त्यावरचा एक मोठा गुलमोहर आदल्या वर्षी साध्या वाऱ्याने आडवा झाला होता, तो उगाच नाही.

संध्याकाळी गटात मी ते सांगितलं. मागणी ठरली. झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायचं आणि प्रत्येक झाडाला आळं करून द्यायचं.

इंजिनिअरसाहेबांनी निवेदनाचा कच्चा मसुदा आणून दिला. "रस्त्यालगतच्या झाडांच्या बुंध्याजवळील काँक्रीट काढून आळी करावीत." बस, एवढंच. मी चष्मा लावला आणि म्हटलं, "साहेब, हे काय पाटबंधारे खात्याचं टिपण आहे का? वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे." ते हसले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मग मी लिहिलं. मन लावून लिहिलं. काँक्रीटला नुसतं काँक्रीट म्हणणं मला फिकं वाटलं, म्हणून मी त्याला अतिक्रमण म्हटलं. "झाडांच्या मुळांवर झालेले हे अतिक्रमण म्हणजे शहराच्या सावलीवर घातलेला घाला आहे." ही ओळ जमली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की नवऱ्याला हाक मारून वाचून दाखवली. आणि तोच शब्द उचलून वर विषयात टाकला. 'विषय : झाडांच्या बुंध्याभोवतीचे अतिक्रमण हटविणेबाबत.' अधिकाऱ्यांना झाड सापडावं म्हणून उदाहरणादाखल आमचा कोपरा दिला, 'भाजी विक्रेत्या बसतात ते करंजाचे झाड' अशी खूण दिली, आणि सोबत फोटो जोडला. फोटोत मावशी आहे, मेथीची जुडी बांधतेय.

इंजिनिअरसाहेब वाचून म्हणाले, "बाई, अतिक्रमण हा शब्द जरा जड होतोय का?"

"जडच पाहिजे," मी म्हटलं. "त्यांना हलवायचंय ना?"

आता हे लिहितानाही माझे कान गरम होतात. आपण बोलतो त्या मराठीत अतिक्रमण म्हणजे काय, हे रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. पालिकेत त्या नावाचा विभाग आहे, त्या विभागाची गाडी आहे, आणि ती गाडी आली की हातगाड्यांची पळापळ होते. मी ते हजार वेळा बघितलंय. पण लिहायला बसले की मला रस्ता दिसत नाही, शब्द दिसतात.

पालिकेत महिन्यातून एकदा लोकशाही दिन असतो, लोकांनी आपल्या तक्रारी थेट साहेबांपुढे मांडायच्या. आम्ही झाडून सगळे गेलो. टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्यांनी निवेदन घेतलं, विषय वाचला, फोटो बघितला आणि चक्क हसून म्हणाले, "अतिक्रमणाचंच आहे ना? ते लगेच करता येतं." आम्ही एकमेकांकडे बघितलं. पालिकेत 'लगेच' हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता. बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली, आणि सगळ्यांनी माझ्या भाषेचं कौतुक केलं. मी "छे हो, कसचं काय" म्हणत ते सगळं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी नवरा रिकामी पिशवी घेऊन परत आला.

"भाजी?" मी विचारलं.

"मावशी नाहीये. अतिक्रमणवाले आले होते म्हणे. सगळं उचलून नेलं. पाट्या, काटा, छत्री. भाजीसुद्धा गाडीत टाकली."

"काय मेली माणसं आहेत!" मी कडाडले. "एवढ्या मोठ्या रस्त्यावर यांना ती एकटी दिसली? कुणी सांगितलं यांना?"

नवरा पिशवीची घडी घालत राहिला. तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. पालिकेने पाठवलेला, इंजिनिअरसाहेबांनी पुढे ढकललेला. खाली मजकूर, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." फोटोत करंजाचा बुंधा होता, भोवतीचं काँक्रीट छान झाडून काढलेलं, आणि तिथे कुणी नव्हतं. ग्रुपमधल्या दोघातिघांनी न बघताच अंगठे दिले होते.

मी खुर्चीवर बसले आणि पुन्हा पुन्हा तो फोटो बघितला. मग पालिकेला नावं ठेवायला सुरुवात केली. अक्कल गहाण ठेवलीय का, आत मजकुरात काँक्रीट लिहिलंय ते वाचायला काय झालं होतं, सरळ सरळ आळी करा म्हटलंय. बराच वेळ बोलत होते. नवरा शांतपणे म्हणाला, "अगं, त्यांनी विषय वाचला. विषय तू लिहिलास." त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

मावशी पुढच्या आठवड्यात आली, पण कोपऱ्यावर नाही. रस्त्याच्या पलीकडे, बंगल्याच्या भिंतीला टेकून बसली. तिकडे झाड नाही. भिंतीची तेवढी हातभर सावली सकाळी असते, नऊ वाजले की ती पण जाते. काटा दंड भरून सोडवून आणलेला. मेथीवर ओलं फडकं टाकलेलं, आणि फडक्याखालून पानं काळी पडलेली दिसत होती.

मी समोर उभी राहिले. तीच बोलली. "कुणीतरी अर्ज दिला म्हणं, बाई. गाडीवाला म्हणला, आमच्याकडं लेखी हाय. आता बघा, मी कुणाचं काय वाकडं केलंय?"

मी म्हटलं, "बघू या आपण." दुसरं काहीच म्हटलं नाही.

"तुम्ही लिहिताल का एक अर्ज? तुमचं लिहिणं लय भारी, पोरगी सांगती. मला फकस्त माझी जागा पायजे. उन्हात माल टिकत नाय. दहा वाजता निम्मा टाकून द्यावा लागतो. असं चाललं तर मला नाय परवडायचं, बंदच करावं लागल."

"लिहिते," मी म्हटलं, आणि दोन काळ्या पडलेल्या जुड्या घेऊन घरी आले. त्या निवडताना देठच जास्त राहिले, पानं टाकूनच द्यावी लागली.

लगेच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. कारण त्याच संध्याकाळी गट बसला. इंजिनिअरसाहेबांनी दिवसभर पालिकेत खेटे घालून उद्यान विभागाच्या लोकांना गाठलं होतं, आमचं म्हणणं काँक्रीटबद्दल होतं हे पटवून दिलं होतं, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी कबूल केलं होतं की पहिलं आळं आमच्या करंजाला करू, ते बघून पुढे सगळा रस्ता. साहेबांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, पण आनंद मावत नव्हता.

मी म्हटलं, "आणि मावशीचं काय?"

ते म्हणाले, "बाई, मला कळत नाही का? पण आत्ता आपण तिची बाजू घेऊन गेलो तर ते म्हणतील, यांचंच ठरत नाही, आधी हटवा म्हणतात, मग बसवा म्हणतात. त्यांना काम टाळायला कारणच हवंय. एकदा आळं होऊ दे. मग मावशीचं नक्की बघू."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.

चुकीचा शब्द लिहिला तो न कळून लिहिला, असं मी स्वतःला सांगू शकते. मान डोलावली ती पूर्ण कळून. त्यानंतर भाजीला मी दुसरीकडे जायला लागले. लांबचा रस्ता धरायचे, मॉलमधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोथिंबीर आणायचे. नवरा ती कोथिंबीर बघायचा आणि काही म्हणायचा नाही. मला वाटायचं, एकदा ओरडा तरी, म्हणजे मला उलट ओरडता येईल.

शेवटी त्यानेच मला आणलं त्या रस्त्याने. दवाखान्यातून परत येताना मुद्दाम रिक्षा तिथे थांबवली आणि म्हणाला, "कोथिंबीर घेऊन ये." स्वतः रिक्षात बसून राहिला. मला पळायला जागा नव्हती.

मावशीने मला बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "बाई, कुठं होता? तब्येत बरी हाय ना?" ते ऐकलं आणि मी फुटले. रस्त्यावर उभं राहून सांगितलं. "मावशी, तो अर्ज मी लिहिला होता. ते झाडाचं काँक्रीट काढायला लिहिला होता, तुम्हाला उठवायला नाही. पण त्यात मी अतिक्रमण असं लिहिलं. मी लिहिलं."

तिला आधी अर्थच लागत नव्हता. मग म्हणाली, "काँक्रीटला?"

"हो."

"काँक्रीटला कुणी अतिक्रमण म्हणतं का, बाई?"

तिने माझ्याकडे पाठ करून फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा मेथीवर टाकलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग आता तुम्हीच लिहा परत. पण या टायमाला साधं लिहा."

त्या रात्री नाही, त्याच दुपारी मी लिहिलं, जेवण बाजूला ठेवून. 'करंजाच्या झाडाखाली भाजी विकणाऱ्या बाईंना तिथून उठवले आहे. आमच्या चुकीच्या शब्दामुळे हे झाले. त्यांना ती जागा परत द्यावी.' साधं लिहिताना इतका त्रास मला कधी झाला नव्हता. इंजिनिअरसाहेबांना फोन करून सांगितलं की मी एकटी जाणार आहे. ते म्हणाले, "एकटी कशाला, मी येतो." माणूस चांगला आहे. मीही काही वाईट नाही, असं मला पूर्वी वाटायचं.

तोपर्यंत आळं झालं होतं. लोकशाही दिनाला गेलो तेव्हा तेच अधिकारी होते. कागद वाचून त्यांनी मान वर केली. "मॅडम, मागच्या वेळी अतिक्रमण हटवा, आता बसवा?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं, शब्द माझा चुकला, त्या बाईंची काही चूक नाही. मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. खरं तर ते सौजन्यानेच बोलले. "मॅडम, तुमच्याच निवेदनावर ती जागा मोकळी केल्याची नोंद झालीय. आता उद्यान विभागाने तिथे आळं केलंय, भोवती जाळी बसवलीय. त्यात मी कुणाला कसं बसवू? आणि बसवलं तर आळं तुडवतात म्हणून उद्या तुम्हीच याल." त्यांनी अर्ज फेरीवाल्यांचं काम बघणाऱ्या विभागाकडे पाठवतो म्हणून सांगितलं. "योग्य ती कार्यवाही होईल." 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं मी आयुष्यभर प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहीत आलेय. त्यांनी ते तोंडाने म्हटलं तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते मला पहिल्यांदा कळलं. आम्ही जिना उतरलो. या वेळी मिसळीचं नावही कुणी काढलं नाही.

आळं मात्र बघण्यासारखं झालंय. चारी बाजूंनी काँक्रीट कापून काळी माती भरलीय, वर पालापाचोळा टाकलाय. पालिकेने दिलेला शब्द लोकांनी पाळून घेतला, असं आमच्या गटातले म्हणतात, आणि ते खरंही आहे. पुढच्या झाडांची कामं सुरू झालीयत. दुसऱ्या भागातले लोक आमचा करंज बघायला येतात, आणि मग आमच्या घरी येऊन निवेदन कुणी लिहिलं विचारतात. मी स्वयंपाकघरात जाते.

मावशीच्या अर्जाचं अजून काही आलेलं नाही. मी दर लोकशाही दिनाला जाते, विचारते, परत येते. ती पलीकडेच बसते. माल अर्धाच आणते आता. पावसाळ्यापर्यंत बघते म्हणाली, नाहीतर मग मुलीकडे जाते निफाडला, द्राक्षाच्या बागेत रोजाने.

काल गेले होते. ऊन मी म्हणत होतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तशी म्हणाली, "बाई, हितं नका उभ्या राहू, चक्कर यायची. तिकडं सावलीत थांबा. मी देते आणून."

"नको, मी इथेच..."

"जावा म्हणते ना!"

मी गेले. काय करू, गेले. रस्ता ओलांडून करंजाखाली उभी राहिले. तिथे गार होतं. पलीकडे ती उन्हात जुड्या निवडत होती, त्यातल्या त्यात हिरव्या माझ्यासाठी बाजूला काढत होती. मग एका हातात माझी पिशवी आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन, गाड्या बघत बघत रस्ता ओलांडून आली. पिशवी मला दिली, आणि जाळीवरून वाकून उरलेलं पाणी आळ्यात ओतलं.

या वेळी पाणी गटाराकडे वळलं नाही. मातीत गेलं.

"जिरलं बघा, बाई," ती म्हणाली. क्षणभर तिथे सावलीत उभी राहिली, पदराने तोंड पुसलं, आणि रिकामी बादली घेऊन पलीकडे उन्हात परत गेली.